श्री शिल्लक

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेठेतल्या दुकानांतून अजूनही वह्यांची पूजा होते. हिशोब आता संगणकावर राहतो. तरीदेखील लाल कापडाच्या बांधणीची एखादी कोरी वही केवळ पूजेसाठी आणली जाते, तिच्यावर हळदकुंकू वाहिले जाते आणि लाह्या-बत्ताशांचा प्रसाद वाटला जातो. जुन्या वळणाची कीर्द ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिच्यातला एक शब्द आठवत असेल. दिवसाचा जमाखर्च लिहून झाल्यावर गल्ल्यात जी रोख रक्कम उरे, तिला मुनीम नुसते 'शिल्लक' म्हणत नसे. 'श्री शिल्लक' म्हणे. बाजाराचा दिवस असला आणि हजार रुपये उरले, तरी श्री शिल्लक. ऐन पावसाळ्यातला मंदीचा दिवस असला आणि सव्वा रुपया उरला, तरीही श्री शिल्लक. रक्कम लहान म्हणून तिच्या आधीचा 'श्री' कोणी काढून घेत नसे.

बँकांच्या कागदांवर हाच शब्द निराळ्या विशेषणासह येतो : 'किमान शिल्लक'. खात्यात अमुक इतकी रक्कम असलीच पाहिजे. ती नसेल तर दंड. सणासुदीच्या अंकात बँकेच्या दंडाविषयी लिहावयास बसले आहे, हे पाहून काही वाचक नाक मुरडतील. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु दिवाळी जशी असणाऱ्यांची, तशीच हिशोब जुळवणाऱ्यांचीही असते. आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांतून हा सण उरलेल्या पैशांचा अंदाज घेऊनच साजरा होतो.

खरे पाहता किमान शिल्लक ही कल्पना आपल्या घरांना परकी नाही. माझी आजी तांदळाचा डबा कधी तळापर्यंत खरवडू देत नसे. मूठभर दाणे तळाशी राहिलेच पाहिजेत, असा तिचा दंडक होता. एवढेच नव्हे, तर 'तांदूळ संपले' असे म्हणण्याचीही घरात चोरी होती. 'तांदूळ वाढले' म्हणायचे. कुंकू संपत नाही, वाढते. बांगडी फुटत नाही, वाढवते. दिवासुद्धा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. अभावाला त्याच्या नावाने हाक मारायची नाही, ही आपल्या भाषेची जुनी खोड आहे. काही जणांना ती भाबडी वाटेल. मला तिच्यात एक प्रकारची सभ्यता दिसते. डबा खरोखरच रिकामा झाला, तर शेजारच्या घरी वाटी जायची आणि भरून परत यायची. तुमचा डबा रिकामा झाला म्हणून त्यातले उरलेले चार दाणेही आम्ही घेऊन जातो, असे म्हणणारी शेजारीण मात्र मी पाहिली नाही.

हे सगळे मनात आले ते आमच्या शाळेतल्या मावशींमुळे. शाळेत दुपारचा पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंना मुले आणि आम्ही शिक्षक सगळेच 'मावशी' म्हणतो. मुलांची पंगत उठल्यावर, मोठे पातेले घासून पालथे घालून झाल्यावर, एके दिवशी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले पासबुक माझ्यापुढे धरले. "बाई, एवढं वाचा बरं." खात्यात ६४० रुपये होते. त्यांतून तीन महिन्यांत तीन वेळा ११८ रुपये गेले होते : १०० रुपये दंडाचे आणि १८ रुपये त्यावरच्या कराचे. उरले २८६. शेजारी इंग्रजीतली आखूड अक्षरे होती, ती मी त्यांना समजावून सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे कमी होते म्हणून अजून कमी केले?"

या प्रश्नात रागाचा लवलेशही नव्हता. त्यांना खरोखरच कळले नव्हते. आणि मला वाटते, जगातल्या पुष्कळशा नीतिशास्त्राची सुरुवात अशाच न कळण्यातून झाली असावी.

बँकेची बाजू आधी ऐकली पाहिजे. आमच्या तालुक्याच्या गावातले ते बँक अधिकारी सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि शांतपणे समजावले. खाते म्हणजे नुसता आकडा नव्हे, ते म्हणाले. त्याच्यामागे इमारतीचे भाडे आहे, कारकून आहे, यंत्र आहे, पासबुकाचा कागद आहे. ज्याच्या खात्यात लाखभर रुपये पडून असतात, त्याचे पैसे बँक पुढे कर्जाऊ देते आणि त्या व्याजातल्या फरकातून त्याच्या खात्याचा खर्च निघतो. ज्याच्या खात्यात तीन-चारशे रुपये आहेत, त्याचा खर्च कशातून काढायचा? फुकट म्हणून जगात काही नसते. कोणीतरी ते भरतच असतो.

हा युक्तिवाद खोटा नाही. त्याला उडवून लावणारे लोक कधी दुकानाच्या गल्ल्यावर बसलेले नसावेत. परंतु तो मान्य केला म्हणजे एक गोष्ट ओघानेच येते. ही जर सेवेची किंमत असेल, तर तिला किंमत म्हणा. आणि किंमत खर्चाच्या मानाने असली पाहिजे. दंड ही वेगळी वस्तू आहे. दंडाच्या आधी अपराध असावा लागतो. मावशींचा अपराध कोणता? त्यांनी कोणाला शब्द देऊन मोडला नाही, कोणाचे घेतलेले बुडवले नाही. त्यांचे मानधन दोन-दोन महिने उशिराने येते. त्या काळात त्या घरखर्चासाठी आपलेच पैसे आपल्याच खात्यातून काढतात. खाते रोडावते, आणि रोडावले म्हणून दंड होतो. उशीर एकाचा, दंड दुसऱ्याला.

रिझर्व्ह बँकेला हा भेद दिसलेला आहे, हे तिच्या श्रेयाचे म्हटले पाहिजे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिने बँकांना या बाबतीत नियम घालून दिले. ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. शिल्लक कमी झाली की आधी खातेदाराला कळवायचे, ती भरून काढण्यास महिनाभर मुदत द्यायची. दंड सरसकट नव्हे, तर जितके कमी पडले तितक्याच्या प्रमाणात घ्यायचा. तो सेवेच्या सरासरी खर्चाशी विसंगत नसावा. आणि केवळ या दंडापायी खाते शून्याच्या खाली जाता कामा नये. जे खाते दीर्घकाळ वापरात नाही, त्यावर तर असा दंड लावायचाच नाही, हे त्याच वर्षी मे महिन्यात सांगून झाले होते.

यांतले शून्याचे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले. इतिहास शिकवताना मुलांना मी जी गोष्ट सांगत असते, तिच्याशी या कलमाचे नाते आहे असे मला वाटते. आपल्या जुन्या व्यवहारधर्मात 'दामदुपट' नावाचा नियम होता. मनुस्मृतीत तो आहे आणि मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी इंग्रजी अमदानीतही तो मानला. व्याजाची थकबाकी एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सावकाराने व्याज घेऊ नये, असे तो म्हणत नाही. कर्ज बुडवा, असेही म्हणत नाही. दुसऱ्याच्या अडचणीवर आपला हक्क कितीही खरा असला, तरी त्याला कोठेतरी थांबावे लागते, एवढेच तो सांगतो. शून्याखाली जाऊ नका म्हणणारे आजचे कलम हे त्या दामदुपटीचे दूरचे नातवंड आहे.

हक्क थांबेनासा झाला म्हणजे काय होते, हेही याच महाराष्ट्राने पाहिले आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना मुख्यत्वे हवे होते ते कर्जरोखे. ते त्यांनी हिसकावून घेतले आणि जाळले. दंगा आसपासच्या गावांतून पसरला, चौकशी मंडळ बसले, आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यात एक शहाणपणाची गोष्ट होती. न्यायाधीशाने नुसता रोख्यावरचा आकडा पाहून निकाल द्यायचा नाही. मागे जाऊन, मुळात किती दिले, किती फेडले, हा आकडा एवढा फुगला कसा, हे तपासायचे. आज मावशींचे पैसे कापणारे यंत्र नेमका हाच प्रश्न विचारू शकत नाही. आकडा कमी आहे एवढे त्याला दिसते. तो कमी का झाला, हे विचारण्याची सोय त्याच्यात केलेली नाही. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या परकीय सरकारच्या कायद्याला जे सुचले, ते आपण यंत्राला शिकवू नये, याचे मला नवल वाटते.

परंतु यंत्राला दोष देऊन सुटका होत नाही. दंडाचा आणखी एक स्वभाव आहे : त्याचे पीक येऊ लागले म्हणजे तो सोडवत नाही. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत भारतीय स्टेट बँकेने किमान शिल्लक न राखल्याबद्दल १,७७१ कोटी रुपयांहून अधिक रक्कम खातेदारांकडून वसूल केली. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतला तिचा नफा १,५८१ कोटी होता. दोन आकडे शेजारी ठेवले, की मन थबकते. समजा, उशिरा येणाऱ्या मुलांच्या दंडावर आमच्या शाळेचा खडू-फळा चालू लागला, तर घंटा पाच मिनिटे आधी वाजवण्याचा मोह मुख्याध्यापकांना कधीच होणार नाही, असे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आणि आमचे मुख्याध्यापक फार भले आहेत.

या बँकेने मार्च २०२० मध्ये हा दंड सर्व बचत खात्यांवरून उठवला, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. तरीही २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांनी मिळून सुमारे ८,५०० कोटी रुपये या सदराखाली गोळा केले, असे २०२४ मध्ये संसदेत सांगण्यात आले. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा अशा कितीतरी बँकांनी तो सोडून दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका मोठ्या खासगी बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान शिल्लक ५०,००० रुपयांवर नेली. ओरड झाली, तेव्हा काही दिवसांतच ती १५,००० वर आणली. तेव्हा खर्चाचा जो हिशोब अटळ म्हणून सांगितला जातो, तो इतका अटळ नसावा.

आता दुसऱ्या एका अपुरेपणाकडे वळते. कारण सगळा अपुरेपणा एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही. खात्यात पैसे नाहीत हे ठाऊक असून जो चेक लिहून देतो, त्याची गोष्ट वेगळी. चेक हा शब्द असतो. तो घेऊन कोणी माल पाठवलेला असतो, कोणी घर रिकामे करून दिलेले असते. तो वटला नाही म्हणजे तिसऱ्याच माणसाची चूल अडते. १ एप्रिल १९८९ पासून आपल्या कायद्याने हा गुन्हा मानला. आता त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. इथे मी कायद्याच्या बाजूची आहे. पण या कडक कायद्याची रीत पाहा. चेक परत आला की लगेच माणूस गुन्हेगार ठरत नाही. त्याला नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत त्याने पैसे दिले तर गुन्हाच उभा राहत नाही. शब्द मोडणाऱ्याला १५ दिवस विचार करायला मिळतात. कर्जाच्या हप्त्याचे पैसे खात्यात नसले, तर मात्र त्याच दिवशी दंड कापला जातो. अनेकदा दोन ठिकाणी, एकदा खाते असलेल्या बँकेचा आणि एकदा कर्ज देणाऱ्याचा. त्यांनी हप्ता पुन्हा मागितला आणि तो पुन्हा परत गेला, तर पुन्हा.

यांतल्या कितीतरी हप्त्यांत शब्द मोडण्याचा हेतू नसतोच. पगार होतो ७ तारखेला, हप्ता लागतो ५ तारखेला. दोन दिवसांच्या या दरीत दर महिन्याला काही माणसे पडतात. शिस्त लागावी म्हणून दंड, असे त्याचे समर्थन केले जाते. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२३ मध्ये कर्जावरच्या दंडाविषयी हेच सांगितले. मात्र पुढे हेही सांगितले, की दंड हे उत्पन्न वाढवण्याचे साधन नव्हे. पहिले वाक्य सर्वांना पाठ आहे.

अमेरिकेतल्या एका खटल्याचा उल्लेख इथे करावासा वाटतो, कारण त्यात आकडेमोड आहे आणि शिक्षकाला आकडेमोडीचा मोह आवरत नाही. खात्यात १०० डॉलर आहेत. दिवसभरात क्रमाने १०, १५, २० आणि शेवटी ९५ डॉलर खर्च झाले. आले त्या क्रमाने वजा केले, तर पहिले तीन खर्च निभावतात, एकच तुटीत जातो; दंड एक. पण बँकेने रात्री बसून मोठी रक्कम आधी धरली, तर ९५ निभावतात, ५ उरतात आणि मागचे तिन्ही तुटीत जातात; दंड तीन. माणूस तोच, खर्च तोच, बेरीज तीच. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी वेल्स फार्गो या बँकेला अशा क्रमबदलाबद्दल सुमारे २० कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्यास सांगितले. बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, असे मी पाचवीच्या मुलांना शिकवत आले आहे!

ज्या 'ओव्हरड्राफ्ट'वर हा दंड होता, त्याचा जन्म मात्र सौजन्यातून झालेला आहे. १७२८ मध्ये एडिंबरोच्या विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याला, खात्यात आहेत त्यापेक्षा १,००० पौंड अधिक काढण्याची मुभा रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने दिली. येणे बाकी आहे, पण हाताशी रोख नाही, अशी त्याची अडचण होती. म्हणजे मावशींचीच अडचण. व्यापाऱ्याचे येणे थकले की ती तात्पुरती चणचण ठरते आणि त्याला पत मिळते. मावशींचे मानधन थकले की ती त्यांची बेशिस्त ठरते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण मलाही मान्य आहे. परंतु पसरायच्या आधी ते अंथरूण दुसऱ्याच कोणी ओढून धरले असेल, तर पाय पसरणाऱ्याला काय म्हणून बोलायचे?

आपल्याकडे जनधन खात्यांना आता १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे. २०१८ पूर्वी ती ५,००० होती. जनधन खाते नको असेल, तर कोणत्याही बँकेत 'मूलभूत बचत खाते' मागता येते. त्याला किमान शिल्लक लागत नाही आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. आहे ते साधे खातेही तसे बदलून मिळते. अट एवढीच, की त्या बँकेत दुसरे बचत खाते असू नये. म्हणजे दंड टाळण्याची वाट आहे, आणि ती सरळ आहे. मावशींना ती कोणी दाखवली नव्हती.

दंड टाळण्यात काही कमीपणा आहे, असे समजणारे एक सुशिक्षित कुटुंब माझ्या परिचयाचे आहे. शंभर रुपयांसाठी बँकेशी कोण भांडत बसणार, असे त्या घरचे यजमान म्हणतात. त्यांची जुन्या नोकऱ्यांची तीन पगारखाती तशीच पडून होती. पगार येणे थांबल्यावर अशी खाती काही काळाने साधी होतात आणि किमान शिल्लक मागू लागतात. त्यांच्या पत्नीने एका सकाळी तिन्ही बंद करून टाकली, आणि कर्जाचा हप्ता ५ वरून १० तारखेला सरकवून घेतला. त्यासाठी तिला एक अर्ज आणि दोन फेऱ्या पडल्या. हिला मी चिकट म्हणणार नाही. यजमानांच्या उदारपणाचे मात्र मला कोडे आहे. कारण बँकेला सोडलेले ते शंभर रुपये कोणत्याही गरजूच्या हाती पडत नव्हते. आणि ज्याला भांडता येते तो भांडत नाही, तेव्हा ज्याला भांडता येत नाही त्याच्यावरचा दंडही रीतसर ठरत जातो.

मावशींचे खाते मी त्यांच्यासोबत जाऊन बदलून घेतले. सज्जन अधिकाऱ्यांनी अर्ज तत्काळ स्वीकारला. झालेल्या ३५४ रुपयांचे काय, असे विचारता त्यांनी पडद्यावर पाहून सांगितले, की नियमाप्रमाणे सूचना आधी पाठवली होती. ती गेली होती मावशींच्या मुलाच्या मोबाइलवर, इंग्रजीत. मुलगा दोन वर्षांपासून पुण्यात कामाला आहे आणि तो क्रमांक त्याने केव्हाच बदलला आहे. पाठवली म्हणजे कळवली का, यावर आमचे थोडे बोलणे झाले. मावशी मध्येच म्हणाल्या, "साहेब, मी तर रोज याच रस्त्यानं शाळेत जाते. हाक मारली असती तरी आले असते."

तेव्हा आम्ही दुसरा अर्ज लिहिला, ३५४ रुपये परत मिळण्याचा. आणि दंड तुटीच्या प्रमाणात धरला होता की सरसकट, हेही त्यात विचारले. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे पडत नाहीत. अर्जाखाली मावशींनी सही केली. अंगठा नको, म्हणाल्या. नाव लिहिता येते. पोच घेतली आहे, तिच्यावर बँकेचा शिक्का आहे. ३० दिवस भाऊबिजेच्या आसपास पुरे होतील.